जर्मनीचं पिस्तूल

‘टक्!’ हा आवाज झाला की माझे व्याही आजही हसतात. तेव्हा ते व्याही झाले नव्हते, आपल्या मुलासाठी माझी मुलगी पाहायला आले होते. कापसाचे दिवस फिरले होते. दिग्रसची आमची कापसातली सरकी काढायची जिनिंग बंद पडली होती आणि तिथला चौकीदार, म्हणजे मी, घरी बसून होतो. त्यापायी सोयरीक मोडते की काय, ही धाकधूक होती.

टीव्हीवर गुप्तहेराची जुनी सिरियल लागली होती. गुप्तहेराने पिस्तूल काढलं.

“हे असली असन का हो?” त्यांनी विचारलं.

मी संधी सोडतो का! म्हटलं, “एकदम असली. मुठीवर घोड्याचं चित्र दिसून राह्यलं न? जर्मनीचा माल आहे थो. चौकीदारीत लई बंदुका पाह्यल्या म्या.”

“तुमी तं मोठे जानकार निघाले, भाऊ!”

माझी छाती फुगली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘टक्!’

थोड्या वेळाने बायको चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात गॅस पेटवायचा लायटर होता, पिस्तुलासारखा, जत्रेतून मीच आणलेला. मुठीवर टीव्हीतल्या पिस्तुलावरचंच घोड्याचं चित्र. तिने तो माझ्या कपाशेजारी ठेवला आणि आत निघून गेली.