परीक्षकांनी उचललेली ओळ

हसू नका, पण संगीत शिक्षकाच्या डिग्रीला मला ॲडमिशन कसं मिळालं ते ऐका. त्या वर्षी झालं न्हाई, तर जुन्नरला मामाच्या बांगड्यांच्या दुकानात बसायचं ठरलं व्हतं.

आमच्या बोरी गावच्या भजनात मी ओळ म्हणायची आन् मागच्या बाराजणींनी ती उचलायची, एवढीच मला सवय. ऑडिशनला समोर तीन परीक्षक. मी अभंगाची पहिली ओळ म्हटली आन् थांबले.

"पुढं?" सर म्हणाले.

"तुमी उचला की! त्याबिगर पुढं कशी जाऊ?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं आन् बिचाऱ्यांनी म्हटली. मधल्या मॅडम विभागप्रमुख. त्यांचा सूर लई खाली. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "मावशी, वर घ्या. परत एकदा!"

परत खालीच.

मी सरांना म्हटलं, "यांना जरा मागं बसवा."

येताना एसटीतच मी मनानं बांगड्या भरायला लागले. निकाल बघते तर गाण्यात काठावर पास आन् शिकवण्यात पैकीच्या पैकी!

आता तिसरं वर्ष चालू हाय. त्याच मॅडम आमाला गाणं शिकवतात. मी वर्गात असले की फळ्यावर लिहून.