जिवंत मानसाचं पूर्ण नाव

माझा जन्म शिरड शहापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला, गाव लहान हाय पन गावाचा आवाज मोठा हाय, अन् तो आवाज म्हंजे मी. दाविद भोंगेवाला. रिक्षावर दोन भोंगे बांधून मी पुकारत फिरतो, खताची गाडी आली, कोनाची म्हैस हरवली, लेकरांना डोस पाजायला आना, अन् कोन वारलं तर ते बी. हा धंदा आमच्या घरात आजापासून. आजा हलगी वाजवून दवंडी द्यायचा. काय सांगू तुमाला, साऱ्या गावाची नावं बापाच्या नावासकट त्याच्या तोंडात, पन त्याला सोताला गावात नाव न्हवतं, ए म्हनलं की ह्यानं पळत जायचं. मग तो ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, आपलं पूर्ण नाव काय, तर आजानं मागं वळून पाह्यलं, हे कोनाला विचारून राहिले म्हनून. मागं कोनीच न्हवतं, नुसती विहीर होती. ही गोष्ट आमच्या घरात दर नाताळाला व्हायची, अन् माझी माय हसता हसता पदर डोळ्याला लावायची.

तर नाव. आमच्याकडं गरीब मानसाचं पूर्ण नाव एकदाच पुकारलं जातं, तो मेल्यावर. तवर तो काळ्या, लंगड्या, नाम्या. मेला की मी रिक्षा काढतो अन् म्हनतो, आपल्या गावचे रहिवासी श्रीमान अमुक तमुक, अन् घराघरात लोक म्हनतेत, हे कोन बुवा, आन मग कोनीतरी सांगतं, अरे आपला नाम्या. पूर्ण नाव ऐकलं की बायका चुलीवरचा तवा उतरवतेत, पुढचं ऐकत बी न्हाईत. अन् ऐकतील कसं, माझी रिक्षा चालू असते, अर्धं या गल्लीला ऐकू येतं, अर्धं त्या गल्लीला. ह्यावरच पुढं सारा तमाशा झाला, तुमी ती वही जरा ठेवा, चहा घ्या, थंड होऊन राहिला.

आमच्या चर्चची घंटा वाजवायला एक म्हातारा हाय, टोपल्या. डोक्यावर टोपलं घेऊन शेन-कचरा उचलायचा, गावाची गुरं राखायचा, म्हनून टोपल्या. एक डोळा लहानपनीच देवीत गेलेला. बायको न्हाई, लेकरू न्हाई. मागं एका साली नाताळाच्या कार्यक्रमाला हा बिचारा घंटा वाजवून दमला अन् पुढच्या खुर्चीवर टेकला, टर्किश टावेल टाकलेल्या खुर्चीवर, जी परमुख पाहुन्याची असते. तेवढ्यात पाहुना आला, कोनी पुढारी, अन् आमच्याच एका कार्यकर्त्यानं टोपल्याच्या दंडाला धरून उठवलं अन् वरून तो टावेल झटकला. उठवलं त्याचं त्याला काही न्हाई, पन झटकलेला टावेल त्यानं पाह्यला. दुसऱ्या रविवारपासून घंटा बंद. ह्यो घरात पडून, भाकर दिली तर अर्धी खायचा, अर्धी कुत्र्याला.

वरीस सरत आलं, पुढचा नाताळ जवळ आला, तवा मी गेलो, म्हनलं टोपल्या, चल की. तो म्हनला, मी काय मानसात हाय का दाविद, मी मेलो तर तुला माझं नाव तरी ठाव हाय का पुकारायला. अन् काय सांगू, मला ठाव न्हवतं. गावची सारी मेलेली मानसं माझ्या तोंडपाठ अन् ह्या जित्याचं नाव न्हाई.

आमचे पाळकसाहेब नवीन होते, वयानं माझ्या लेकाएवढे. त्यांना घेऊन गेलो. त्यांनी समजावलं, बाबा, देवानं परत्येक मानूस आपल्याच रूपाचा घडवला, कोनी कमी न्हाई, किंमत त्यानं ठरवलेली हाय, लोकांनी न्हाई. टोपल्या उठून बसला अन् म्हनला, साहेब, मग देवाचा बी एक डोळा फुटका हाय का. पाळकसाहेब लाल झाले. मी भिंतीकडं तोंड केलं, मला हसू आवरंना. पन त्या पोराला मानलं पाहिजे, तो म्हनला, ते मला ठाव न्हाई बाबा, पन ह्या नाताळाला परमुख पाहुने तुमी, आन टावेल मी सोता अंथरतो. नाव काय तुमचं. टोपल्यानं अंगावरची गोधडी बाजूला सारली अन् म्हनला, शमुवेल यादवराव गायकवाड. जसं कोनाचं ठेवलेलं सामान काढून देऊ राहिला तसं.

झालं. नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रिक्षा काढली. आवाज लावला, अन् म्हनलं, आपल्या गावचे रहिवासी श्रीमान शमुवेल यादवराव गायकवाड, हे उद्याच्या नाताळ कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे असून सर्वांनी उपस्थित राहावे. एवढं बराबर म्हनलं. पन पहिली गल्ली नावावरच थांबली, कोनी जुन्या म्हातारीनं सांगितलं, अरे हा आपला टोपल्या, अन् दुसरीला नुसतं उपस्थित राहावे ऐकू आलं. मी पार तांड्यापर्यंत जाऊन वापस आलो तर टोपल्याच्या दारात हीऽ गर्दी. दोन पोरं कुदळ घेऊन कबरस्तानाकडं गेली बी होती. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हनून शेजारी कडू घास आनतेत, तसा निम्म्या गावानं आनलेला, पिठलं, भाकरी, ठेचा, बौद्धवाड्यातून भात, तांड्यावरून गंगीबाई बाजरीची भाकर घेऊन, अन् ती दुरूनच सूर लावत आली, माझी गाभन म्हैस नदीतून काढनारा गेला रे, रातभर पान्यात उभा राह्यला रे.

अन् शमुवेल यादवराव अंगनात बाजेवर बसून दाढी करू राहिले होते. अर्ध्या तोंडाला साबन. तो म्हनला, गंगे, काहून रडू राहिली, कोन गेलं.

गंगीबाईचा सूर जो वर गेला तो खालीच येईना. मागचे पुढच्यांना ढकलू राहिले, मागच्यांना दिसंना, ते आपलं रडतच राहिले, एक जन म्हनला, माझं लेकरू ह्यानंच खांद्यावर दवाखान्यात नेलं, दुसरा म्हनला, मानूस न्हवता, देवमानूस होता. टोपल्या वस्तरा हातात धरून सारं ऐकू राहिला. मी माइकवर ओरडलो, जिवंत हाय, जिवंत हाय. तर म्हातारा मला म्हनला, गप रे दाविद, ऐकू दे.

मग गंगीबाई भानावर आली अन् चिडली, म्हनली, मुडद्या, मला पायपीट करायला लावली. टोपल्या म्हनला, मेलो न्हाई म्हनून भाकर वापस नेती का. तिनं त्याच्यापुढं भाकर ठेवली, पदरानं त्याच्या तोंडाचा साबन पुसला अन् म्हनली, खा, आन सगळी खा. त्यानं सगळी खाल्ली. कुत्रं बसलं होतं बाजूला आशेवर, त्याला काही मिळालं न्हाई. मग सारेच बसले, जित्या मानसाचा कडू घास त्याच्याच पंगतीत बसून खाल्ला, असा परकार हिंगोली जिल्ह्यात दुसरीकडं झाला असंल असं मला वाटत न्हाई.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं, म्हनत होते, चला, मेलेला पाहुना पाहू. पाळकसाहेबांनी टावेल अंथरला. म्हाताऱ्याला भाषन करा म्हनलं तर तो उभा राह्यला अन् म्हनला, देवाचा बी एक डोळा माझ्यासारखा असंल तर असू द्या, पन त्याला बराबर दिसतं. अन् आता मी खरंच मेलो तर पुकारू नका, लोकांना एकदा तकलीफ देऊन झाली. अन् खाली बसला. घंटा रविवारी वाजली.

त्या पोरांनी खड्डा अर्धा खांदला होता, तो वाया जाऊ नये म्हनून त्यानं त्यात लिंबाचं कलम लावलं. आता लिंबं धरतेत, आमच्या घरी लोनचं हाय, जाताना घेऊन जा. म्हातारा रोज संध्याकाळी झाडाला पानी घालतो, म्हनतो, माझी जागा थंड ठेवून राहिलो.

अन् मला नवा धंदा लागला. आता लोक म्हनतेत, दाविद, आमच्या मायचं बी एकदा जित्तेपनी पुकार. मी पुकारतो, पन रिक्षा उभी करून, सारं म्हनून होईपर्यंत इंजन बंद. पहिला शब्द जिवंत, मग नाव. कोनाचं नाव घेतलं की मला आजा आठवतो, विहिरीकडं वळून पाहनारा, अन् त्याच्यासाठी बी मी एकदा पुकारलं, कोन ऐको न ऐको, ज्यानं घडवला त्यानं ऐकलं असंल. सुखी राहा तुमी. अन् इतका वेळ लिहून राहिलात, तुमचं नाव मी विचारलंच न्हाई की. पूर्ण सांगा, बापाच्या नावासकट. मागं काहून पाहून राहिलात, तुमालाच विचारलं.