दिग्रसच्या शेडमधले काकाजी

मेलेल्या माणसाची बसायची जागा म्या बटन दाबून पुसून टाकली.

मी सुधाकर, दिग्रसचा. बाप कापसाच्या जिनिंगात फिटर होता, म्हणून पाना हातात आला, अक्कल मागं राह्यली. जन्म ट्रॅक्टरखाली गेला, मंग एक दिवस काकाजीकडं जर्मन गाडी आली अन् गावात दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी जर्मन गाडीचा मिस्त्री झालो.

काकाजीचा विलास अमेरिकेत त्याच कंपनीत हाय, गाडी त्यानंच बापाले इथं घेऊन देल्ली. तो सांगे, सुधाकरभाऊ, पह्यले तिथले लोक ह्या जर्मन गाड्याले हासत, एवढीशी गाडी म्हणत, मंग त्याह्यलेच हव्या झाल्या, तवा कंपनीनं कारखानाच तिकडं नेला. अन् कुठी, तं कापसाच्या मुलखात. सूतगिरण्या बंद पडल्या, गिरणीवाल्याइची पोरं आता जर्मन साहेबाच्या हाताखाली बोल्ट कसतात. कोणता बोल्ट किती कसला ते मशीन ध्यानात ठेवते, माणसावर भरोसा नाही. मी म्हटलं, म्हंजे आपलं दिग्रसच.

मंग काकाजी गेले. मी रोज सकाळी माह्याजवळच्या चाबीनं गाडी फिरवून आणो, सीट माह्या बुटक्या मापाले पुढं येऊन राहे. चार वाजता काकूजी काकाजीची चाबी घेऊन बाजूच्या सीटवर बसत. अन् काय सांगू तुम्हाले, रिकामी सीट सरसर मागं जाये, कोणी उंच माणूस टेकल्यासारखी, अन् डाव्या बाजूचा आरसा हळूच मान खाली घाले. काकूजी सीटले म्हणत, आज वरणात मीठ जास्त झालं. मंग थांबत. मीबी शेडमागं उभा राहून उत्तर ऐको, खोटं कायले बोलू.

मले भेव लागलं. म्हटलं हा बिघाड हाय, काढून टाकू. काकाजीच्या चाबीनं बसलो, सीट पुढं घेतली, आरसा वर केला, अन् माप ध्यानात ठेवायचं काकाजीच्याच नंबरचं बटन दाबून पक्कं केलं.

चार वाजता सीट हाललीच नाही.

काकूजी म्हणल्या, कोण बसलं हाय?

म्या खिडकीतून म्हटलं, मी.

तवा समजलं, बिघाड नव्हता, त्या चाबीसंग काकाजीचं माप येत होतं. काकूजीचे गुडघे दुखत, उतरताना पाय नीट टेकले का ते दिसावं म्हणून काकाजीनं आरसा तसा लावला होता. विलासले फोन करून इचारलं, जुनं माप परत भेटते का, तं तो म्हणे, आमची मशीन बोल्ट ध्यानात ठेवते, बाबा नाही.

काकूजीले उतरवलं, पाय दिसेपर्यंत आरसा झुकवला. आरशाचं माप सापडलं. सीट मात्र बोटभर मागं, बोटभर पुढं, दिवस मावळेपर्यंत. काकूजी मान हालवत, हे नाहीत. शेवटी म्हणल्या, अंदाजाचा नवरा नोको, तुह्यंच माप होतं ते राहू दे.

आता चार वाजले का मी दुकानात असलो तरी पाठीखाली काहीतरी सरकते. काल धीर करून इचारलं, काकूजी, माफ केलं का? त्या रिकाम्या सीटकडं पाहूनच बोलल्या, जन्मभर उंच माणसासंग राह्यली रे मी, आता म्हातारपणी हा बुटका ढेरपोट्या कायले आणून बसवला?