काही होणार नाही

ऋता: असं नाही, बाबा. तुम्ही मुलीची आई आहात. आई अशी कंडक्टरला झापल्यासारखी विचारत नाही.

प्रल्हाद: मग कशी विचारते? बत्तीस वर्षं कराड डेपोत कंट्रोलर होतो, मला हा एकच आवाज आहे. आणि आईच्या पार्टाला तुला सासराच सापडला? श्रीरंग काय करतो?

ऋता: तुमचा मुलगा दोन वाक्यं झाली की फोन बघतो. तुमच्यासारखं मन लावून कुणी करत नाही. परीक्षा नऊला आहे, अजून चाळीस मिनिटं आहेत. पार्किंगमध्ये नुसतं बसून काय करायचं?

प्रल्हाद: बरं. पहिल्यापासून सांग. मुलगी केवढी?

ऋता: चार वर्षांची. न्यूमोनिया झालाय, इन्फेक्शन रक्तात गेलंय, बीपी खाली येतंय. खरी मुलगी नाही हं, पुतळा आहे. पण श्वास घेतो, नाडी लागते, ओठ निळे पडतात. मी सलाइन लावायचं, औषधं ठरवायची, सीनियर डॉक्टरला बोलवायचं. आणि ह्या सगळ्या धावपळीत आई मध्येच येऊन विचारते.

प्रल्हाद: ती आई तरी खरी?

ऋता: ती ॲक्ट्रेस. पण रडते अगदी खरं. मागच्या वेळी मला ती खरीच आई वाटली.

प्रल्हाद: मागच्या वेळी म्हणजे नापास झालीस तेव्हा. ते काही मला अजून उमगलेलं नाही. औषधात चुकलीस का?

ऋता: औषधं, डोस, सगळं करेक्ट होतं. प्रोफेसर म्हणाल्या, हाताला सगळ्यांत फास्ट तूच. चुकले एका वाक्यात. आईने विचारलं, माझी मुलगी वाचेल ना? मी म्हणाले, काळजी करू नका, काही होणार नाही.

प्रल्हाद: असं म्हणालीस?

ऋता: तोंडातून निघूनच गेलं. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य तेच असतं ना. आणि क्लिनिकमध्ये अकरा वर्षं मी तेच म्हणत आलेय. तिथे ते खरं असतं. कान दुखतोय, ताप आलाय, दोन दिवसांत मूल परत उड्या मारतं. आयसीयूत तसं नसतं. प्रोफेसरांनी सगळं थांबवलं आणि विचारलं, तिचं बीपी साठ आहे, समोर स्क्रीनवर दिसतंय, मग काही होणार नाही हे तुला कुणी सांगितलं?

प्रल्हाद: बाईंनी बरोबर विचारलं.

ऋता: आज परत तिथेच अडकले तर आयसीयूतल्या ट्रेनिंगचे शेवटचे दोनशे तास मिळत नाहीत. तास नाहीत तर सर्टिफिकेट नाही. दीड वर्ष पाण्यात.

प्रल्हाद: एक गोष्ट कबूल करतो. तू हा कोर्स घेतलास तेव्हा मी तुझ्या सासूला, नंदाला, फोनवर म्हणालो होतो, सून नर्स आहे, वर मास्टर्स आहे, इथे अमेरिकेत औषधंही स्वतः लिहून देते, आता आणखी सर्टिफिकेट कशाला? भिंतीवर जागा उरलीय म्हणून?

ऋता: ऐकलं होतं मी. फोन स्पीकरवर होता.

प्रल्हाद: मग बोलली का नाहीस?

ऋता: काय बोलणार? तुमचं अगदीच चूक नव्हतं. आहे त्या लायसन्सवर मला क्लिनिकमधली मुलं बघता येतात. पण एखादं मूल फार सिरियस झालं की ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंतच ते माझं. पुढे आयसीयूत मला काही करता येत नाही. गेल्या वर्षी असं एक बाळ पाठवलं, त्याची आई काचेतून माझ्याकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात फॉर्म भरला.

प्रल्हाद: हे मला सांगितलं नव्हतंस.

ऋता: तुम्ही विचारलं नव्हतं.

प्रल्हाद: नाही विचारलं. बघत मात्र होतो. पहाटे साडेचारला उठतेस. कणीक मळताना कानात लेक्चर. जानेवारीत बर्फ पडून हे सगळं कॅरी गाव बंद, शाळा बंद, श्रीरंग पायजम्यात घरून काम करतोय, आणि तू बारा तास हॉस्पिटलमध्ये. संध्याकाळी घरी आलीस आणि बूटही न काढता लेकीची, रुहीची चित्रं बघत बसलीस. डेपोत मी खूप कष्टाळू माणसं पाहिली, पण हे वेगळंच. तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतं असं आम्हाला वाटायचं, म्हणून बोललो नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो. आता हे परत सांगायला लावू नकोस.

ऋता: बाबा, परीक्षेच्या आधी रडवू नका. चला, आई व्हा.

प्रल्हाद: झालो. डॉक्टरीणबाई, माझी मुलगी वाचेल ना?

ऋता: आमची टीम सर्व शक्य ते प्रयत्न करत आहे आणि आम्ही तिच्या प्रकृतीवर बारीक...

प्रल्हाद: थांब. हे फलाटावरच्या अनाउन्समेंटसारखं झालं. यातून आईला काय कळलं?

ऋता: काहीच नाही. मग काय म्हणू मी? धीर दिला तर खोटं, नाही दिला तर निर्दय. महिनाभर हेच चाललंय माझ्या डोक्यात.

प्रल्हाद: श्रीरंगच्या आधी आम्हाला मुलगी होती, माहीत आहे ना तुला?

ऋता: हो. सावनी. आईंनी एकदाच नाव घेतलं होतं.

प्रल्हाद: माझ्याजवळ तेवढंही घेत नाही. तीन वर्षांची होती. तिलाही छातीचंच दुखणं. साताऱ्याला सिव्हिलमध्ये ठेवलं होतं. दोन रात्री आम्ही दोघंही जमिनीवर बसून. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तरुण होते, मनाने चांगले. आमचे चेहरे बघून म्हणाले, काही होणार नाही, घरी जाऊन अंघोळ करा, दोन घास खा, संध्याकाळी या. नंदा हलायला तयार नव्हती. मी तिला दंडाला धरून उठवलं. म्हटलं, डॉक्टर सांगतायत ना? दहाची कराड गाडी गाठली. संध्याकाळी परत आलो तर पलंग मोकळा.

ऋता: बाबा...

प्रल्हाद: डॉक्टरांवर राग नाही माझा. पोरगी राहिली नसती, हे मला पटलंय. पण त्यांनी खरं सांगितलं असतं तर आम्ही तिथून उठलो नसतो. एवढंच. तिने शेवटी कुणाकडे बघितलं, कोण जाणे.

ऋता: आईंशी कधी बोललात?

प्रल्हाद: कुठल्या तोंडाने? शेहेचाळीस वर्षं झाली. तिने कधी दोष दिला नाही, मी कधी विचारलं नाही. असो. मी आई आहे. माझी मुलगी वाचेल ना?

ऋता: तुमची मुलगी खूप आजारी आहे. ती वाचेल की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. आम्ही काय करतोय ते मी तुम्हाला सांगत राहीन. काही बदललं तर लपवणार नाही. ही खुर्ची घ्या, तिच्याजवळ बसा. तिचा हात धरलात तरी चालेल.

प्रल्हाद: आणि मी म्हटलं, जरा घरी जाऊन येते?

ऋता: आत्ता नका जाऊ.

प्रल्हाद: हं. जा आता, आठ पंचेचाळीस झाले. आणि ते कार्ड गळ्यात घाल, हातात काय मिरवतेस.

(अडीच तासांनंतर. तीच गाडी.)

प्रल्हाद: एवढा उशीर? डोळे का लाल झालेत?

ऋता: पास झाले, बाबा.

प्रल्हाद: मग हे काय? नीट सांग.

ऋता: आईने तेच विचारलं. मी तेच सांगितलं, वर धीराचा एक शब्दही जोडला नाही. फार अवघड असतं हो ते, काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. ती खुर्ची ओढून मुलीजवळ बसली. मी औषध बदललं, परत बदललं. सीनियर आले. काही उपयोग झाला नाही. आज तो पुतळा वाचणारच नव्हता. त्यांनी तसंच ठरवलं होतं, मला सांगितलं नव्हतं.

प्रल्हाद: गेली?

ऋता: गेली. मीच सांगितलं आईला. प्रोफेसर काचेमागून बघत होत्या. आत आल्या तेव्हा म्हणाल्या, यापुढचं मी तुला शिकवू शकत नाही, आता आयसीयूत जा. मी म्हटलं, हे मला घरी शिकवलंय.

प्रल्हाद: आणि ती आई?

ऋता: शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. हात हातात धरून.

प्रल्हाद: बरं झालं.

ऋता: पाणी प्या थोडं. निघू या का?

प्रल्हाद: थांब जरा. कराडला किती वाजले असतील?

ऋता: रात्रीचे नऊ. आईंना फोन लावू? पास झाल्याचं सांगायला?

प्रल्हाद: लाव. ते तू सांग, आणि मग फोन मला दे. सावनीबद्दल बोलायचंय तिच्याशी.