मासा लागल्याची खबर

नागोराव : काढा ते. काठीला घंटी बांधायला हे काय देवळाचं दार हाय?

बाळ : घंटी नाही ती. दोरी या खाचेतून जाते. माशानं ओढली की वाजतं आणि लाल दिवा लागतो. अर्णवनं मागवून दिलंय.

नागोराव : नातवाला सांगा, नागोरावला मासा बोटाला कळतो. दोरी टुकटुक हलली की चिलापी, एकदम ओढली की मरळ. वर यायच्या आधी नाव सांगत होतो का न्हाई?

बाळ : होतात. मासा कधी पानात घेतला नाही, पण अठ्ठावीस वर्षांत नावं पाठ झाली.

नागोराव : कंपनीत तुमी टाइम ऑफिसात, मी लेथवर. हडपसरहून तुमच्या स्कूटरवर पहिल्यांदा आलतो या खाणीतल्या तळ्यावर. तवा वाघोलीत चिटपाखरू नव्हतं. मी मासा काढला अन् तुमी तोंड फिरवलं.

बाळ : फिरवणारच. तो माझ्याकडेच बघत होता.

नागोराव : मग यमुना दर रविवारी तुमचं भरीत येगळं बांधायची. म्हणायची, भाऊजींचा डबा वर, गांडुळाची पिशवी खाली.

बाळ : एकदा उलटं झालं होतं.

नागोराव : मग?

बाळ : वरवरचं काढून खाल्लं. वहिनींच्या हातचं टाकवेना.

नागोराव : कधी बोलला न्हाईत. लई आठवण येते तिची. ती गेल्यावरबी तुमी एक रविवार चुकवला न्हाई. मग आता हे यंत्र कशापायी?

बाळ : बोट दाखवा.

नागोराव : बोटाला काय झालंय?

बाळ : मघाशी आमिष लावताना गळ घुसला. अजून रक्त येतंय, आणि तुम्हाला पत्ता नाही. दिवाळीपासून तुम्ही सगळ्यांना चिलापीच म्हणताय. मरळ हातात आला तरी चिलापी.

नागोराव : साखरेनं मेलंय बोट. दोरी हाय का न्हाई तेबी कळत न्हाई.

बाळ : ठाऊक आहे.

नागोराव : तुमाला ठाऊक हाय तेबी मला ठाऊक हाय. दोरी ताणली की तुमी खोकता. तुमी खोकलात की मी ओढतो.

बाळ : मला वाटलं, लक्षात आलं नसेल.

नागोराव : मासा आल्यावरच येणारा खोकला कुठं असतोय?

बाळ : नागोराव, गुरुवारी मी हेमाकडे चाललोय. बंगळूरला, कायमचा. गुडघे आता तीन जिने चढू देत नाहीत, आणि लेक ऐकत नाही. इथं खोकायला कुणी असणार नाही, म्हणून आणलं हे.

नागोराव : गुरुवारी? अन् हे आज सांगताय?

बाळ : तुम्ही बोट दिवाळीपासून लपवलंत.

नागोराव : ते वाजंल, बाळराव. मासाबी निघंल. पण काढल्यावर दाखवू कोणाला?

बाळ : तिथं मला तरी कोण दाखवणार आहे?

(यंत्र वाजतं. लाल दिवा लागतो.)

बाळ : वाजलं. ओढा.

नागोराव : ऐकलं मी. तुमी खोका, मग ओढतो.