उत्तर नाही आलं तर

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही थांबायचंच नाही!" तुम्हाला सांगतो, एकसष्टाव्या वर्षी जावास्क्रिप्टच्या क्लासला बसलेल्या माणसाला असं बोलावं? बरं, हे आमचे सर, वय माझ्या लेकीएवढं!

लेक लांब असते हो. ही होती तेव्हा दोघी फोनवर तासतासभर बोलायच्या. आता दर रविवारी माझ्याशी... "बाबा, गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." संपलं! म्हटलं, बोलायला काहीतरी विषय हवा. म्हणून तिच्या शहराचं तापमान नेटवरच्या हवामानाच्या सर्व्हिसकडून मागवणारं एक वेब पान लिहायला घेतलं. लिहिलं, चालवलं... पान कोरं! सर म्हणाले, "उत्तर यायच्या आधीच छापताय काका! उत्तर आलं की काय करायचं, ते फंक्शन देऊन ठेवायचं, त्याला कॉलबॅक म्हणतात. प्रोग्रॅम थांबत नाही, पुढच्या ओळीवर जातो. तुम्ही थांबायचंच नाही!"

अहो, पण माझ्याकडे पुढची ओळ कुठाय? सकाळी दूध तापवलं की दिवस संपला!

तरी दिलं फंक्शन. पानावर आलं, 'थांबा, माहिती येत आहे.' थांबलो. चार दिवस! शेवटी सर म्हणाले, "सर्व्हिस बंद आहे काका. उत्तर नाही आलं तर काय करायचं, ते फंक्शन रिकामंच ठेवलंय तुम्ही!" म्हटलं, आधीच कशाला वाईट बोलायचं? "लिहा!" म्हणाले. आता काय लिहू? मी कशाची वाट बघत बसलो की ही आतून जे ओरडायची तेच लिहिलं... 'आज काही उत्तर येत नाही. जेवून घ्या.'

आणि परवा ती बंद पडलेली सर्व्हिस सुरू झाली! अकरा डिग्री! रविवारी लेकीला ऐटीत म्हटलं, "काय गं, अकरा डिग्री ना तिकडे?" म्हणाली, "हो का? खिडकीच उघडली नाही आज. गोळ्या घेतल्या ना? नंतर बोलते हं बाबा."

थांबायचंच नाही, म्हणे! फोन ठेवला. पानावर अकरा डिग्री तशीच. गॅसवर भात गार झालेला, एकट्याला घास उतरेना... काय केलं सांगू? उठलो, नेटची वायर उपटली, पान पुन्हा चालवलं. आलं बघा, 'जेवून घ्या.'

मग जेवलो.