माधवच्या पुलाच्या खुंट्या

मंडळी, तुम्ही एनस्खेडेहून, लायडनहून, इतक्या लांबून आलात. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला उभं राहून स्पष्ट बोलायला शिकवलं होतं. आज ते जमेल असं वाटत नाही. माधव माझा धाकटा भाऊ. त्याची बायको नंदा समोरच बसली आहे, आणि तिच्यादेखत "माधव होता" म्हणायचं आहे. सांभाळून घ्या.

माधव नोकरीने इंजिनियर. पण शनिवार उजाडला की तो हेंक सुताराच्या हाताखाली, कालव्यावरच्या त्या जुन्या, छपराच्या लाकडी पुलावर. कुजलेल्या तुळया काढून त्यांनी ओकच्या नव्या घातल्या. जुन्याच पद्धतीने. खिळा नाही, बोल्ट नाही. लाकडात लाकूड बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची.

नंदा म्हणायची, "आपल्या बाथरूमचं दार दोन वर्षं घासतंय, ते दिसत नाही."

तो म्हणायचा, "त्याच्याखालून होड्या जायला लागल्या की बघतो."

काम झाल्यावर मी पूल बघायला गेले, तर माझी शाल खुंटीला अडकली. सगळ्या खुंट्यांची टोकं वीतभर बाहेर. मी म्हटलं, "अरे, काप की ही."

"ताई, लाकूड अजून ओलं आहे. वाळेल, आक्रसेल, सांधे सैल पडतील. वर्षाने परत यायचं, खुंट्या अजून आत ठोकायच्या. मग कापायचं."

वर्ष व्हायच्या आत तो गेला.

आता लोक म्हणतात, टोकं कापा, सायकलवाल्यांच्या बाह्या अडकतात. अडकतात, खरं आहे. पण आत्ता कापली तर ठोकणार काय? परवा हेंक घरी आला होता. म्हणाला, "मार्चपर्यंत नगरपालिका थांबायला तयार आहे. पण एकट्याने होत नाही. एकाने आतून टेकू धरायचा, दुसऱ्याने बाहेरून लाकडी मोगरीने ठोकायचं. माणसं हवीत."

नंदा म्हणाली, "मी येते. मोगरी कशी धरायची?"

हेंक म्हणाला, "दोन्ही हातांनी."

एवढंच बोलायचं होतं. आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यानंतर नंदाला भेटाल, तेव्हा "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. काय लागणार आहे ते मी आत्ता सांगितलं. मार्चमध्ये येणार की नाही, तेवढं तिला सांगा.